कपाटाची किल्ली

शाळेत पुस्तके आहेत का, असे विचारले तर ‘आहेत की, कपाटात आहेत!’ असे उत्तर पुष्कळदा मिळते. पण ती मुलांच्या हाती जातात का? या प्रश्नासाठी एक जुनी हकिकत ध्यानात घेण्यासारखी आहे.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी १८६३ साली एका शेतकरी घरात गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. बारा वर्षांचा होईतो त्याला अक्षरओळख नव्हती. १८७५ साली तो बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक गेला. हेच पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड. अक्षर उशिरा हाती आले, म्हणूनच की काय, त्याचे मोल त्यांना पुरते कळले. १९०६ साली त्यांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले.

पण शाळा काढून काम संपत नाही. मूल चार इयत्ता शिकते, शाळा सोडते, आणि घरी वाचायला काही नसले म्हणजे शिकलेले विसरते. पेरणी केली, पण राखण केलीच नाही, तर पीक पदरात पडायचे कसे? म्हणून १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले. गावकऱ्यांनी वर्गणी काढावी आणि सरकारने भर घालावी, अशा रीतीने गावोगाव वाचनालये निघाली. शिवाय लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या खेड्यांत धाडीत. एक पेटी वाचून झाली की ती परत जाई, दुसरी येई. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी निराळा विभागही होता. मुद्दा असा की, वाचकाने पुस्तकाकडे यावे म्हणून वाट पाहिली नाही. पुस्तकच वाचकाकडे गेले.

आता आपल्या महागावकडे पाहू. इथल्या कित्येक मुलांच्या घरची बोली वऱ्हाडी, तांड्यावरच्या मुलांची गोरमाटी. धड्याची भाषा त्यांना परकी वाटते. गोष्टीच्या पुस्तकाला परीक्षा नसते, म्हणून ती भाषा तिथे हळूहळू आपली होते. पुढे इतिहासाचा धडाही सोपा जातो, गणितातले शाब्दिक उदाहरणही उमगते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय, वर्तमानपत्र, मासिके आणि गोष्टीची पुस्तके असावीत असे सांगितले आहे. कायदा कपाट देईल; ते उघडायचे मात्र आपणच.

तेव्हा गुरुजी, एवढे करून पाहा. किल्ली सातवीतल्या दोघा मुलांकडे द्या, देवघेवीची वही त्यांनाच लिहू द्या. शनिवारी प्रत्येकाला एक पुस्तक घरी नेऊ द्या. पान फाटले तर रागावू नका, खळ लावून चिकटवा. आणि मायबापहो, वेचणीहून दमून आलात तरी रात्री लेकीला म्हणा, ‘वाच बरं, आम्हालाही ऐकू दे.’ शाळेतले एक पुस्तक मग सगळ्या घराचे होईल.