पेटंटसाठी अर्ज केला आहे : हमबकरची गोष्ट

या मालिकेत सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, कुठूनही येवो, शब्द साधारण तेच असतात : "जुन्या रॉकचा तो आवाज हवाय. गिटारमध्ये कोणता हमबकर बसवू?" विचारणारा बहुतेक वेळा विद्यार्थी असतो किंवा नुकताच नोकरीला लागलेला असतो. परदेशातून पिकअपची जोडी मागवायची तर पिकअपची किंमत, टपाल आणि सीमाशुल्क मिळून त्याच्या गिटारइतकाच खर्च होतो. म्हणून नावांची यादी देऊन मी मोकळा होणार नाही. आधी इतिहास सांगतो, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे.

आधी घूंघूं, मग इलाज

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. अडचण अशी, की ते वेटोळं अँटेनाचंही काम करतं. ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइटचा चोक, भिंतीतलं वायरिंग, सगळ्यांची घूंघूं ते पकडतं. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपल्याकडे ५० ची. म्हणून आपला हम त्यांच्यापेक्षा थोडा खालच्या सुरात लागतो, एवढाच फरक. सुटका दोघांनाही नाही.

मिशिगन राज्यातल्या कॅलामझू गावात गिब्सनचा कारखाना होता. १९५० च्या दशकाच्या मध्यात तिथल्या गिटारवर पी-९० नावाचा एका वेटोळ्याचा पिकअप असे. आवाज दमदार, पण हमही तितकाच. कंपनीचे प्रमुख टेड मॅकार्टी आणि हे काम ज्यांच्याकडे आलं ते अभियंता सेथ लव्हर. लव्हर मूळचे रेडिओ आणि अँप्लिफायरचे माणूस. अँप्लिफायरमधला हम मारण्यासाठी त्यांनी आधी एक चोक बनवला होता. तीच युक्ती त्यांनी पिकअपला लावली.

युक्ती शाळेतल्या गणिताची आहे : वजा गुणिले वजा बरोबर अधिक. एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी ठेवायची. दुसऱ्याची जोडणी उलटी, आणि चुंबकाचा ध्रुवही उलटा. बाहेरून येणाऱ्या हमला चुंबकाशी देणंघेणं नसतं. तो दोन्ही वेटोळ्यांत सारखाच शिरतो, जोडणी उलटी असल्यामुळे एकमेकांविरुद्ध उभा राहतो आणि कटतो. तारेचा आवाज मात्र चुंबकामुळे एकदा उलटतो आणि जोडणीमुळे दुसऱ्यांदा, म्हणजे पुन्हा सुलटा होतो. दोन्ही वेटोळ्यांतला तारेचा आवाज एकत्र येऊन वाढतो, हम जातो. हमला झुगारतो म्हणून नाव हमबकर.

दोन वेटोळ्यांची कल्पना लव्हर यांच्याही आधीची. १९३० च्या दशकातच तिच्यावर पेटंट निघालं होतं. लव्हर यांच्याच काळात रे बट्स हे गृहस्थ चेट अ‍ॅटकिन्स यांच्यासाठी असाच पिकअप बनवत होते. तो पुढे ग्रेच कंपनीच्या गिटारवर फिल्टरट्रॉन या नावाने आला. लव्हर यांनी जून १९५५ मध्ये अर्ज केला आणि १९५९ मध्ये दोघांनाही पेटंट मिळालं. दोन माणसं एकाच वेळी एकाच दाराशी पोहोचली होती.

काळी चिठ्ठी

१९५७ पासून लेस पॉल आणि गिब्सनच्या इतर गिटारवर हा पिकअप बसू लागला. पेटंट हातात यायचं होतं, म्हणून पिकअपच्या पाठीवर एक छोटी काळी चिठ्ठी चिकटवत : 'पेटंटसाठी अर्ज केला आहे.' इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं पी. ए. एफ., आणि आज जगभर या पिकअपला 'पीएएफ' म्हणतात. एका सरकारी अर्जाची पोचपावती जगातल्या सर्वांत पूजनीय पिकअपचं नाव होऊन बसली.

पेटंट १९५९ मध्ये मिळालं तरी ती चिठ्ठी आणखी काही वर्षं चिकटत राहिली. नंतर नवी चिठ्ठी आली, तिच्यावर क्रमांक होता २,७३७,८४२. लव्हर यांचा क्रमांक २,८९६,४९१. चिठ्ठीवरचा क्रमांक लेस पॉल यांच्या तारा अडकवण्याच्या पट्टीच्या पेटंटचा! नक्कल करणाऱ्यांनी पेटंट मागवलं तर हाती पट्टीचं चित्र यावं म्हणून हे मुद्दाम केलं, असं सांगतात.

आता आतला माल पाहू. ४२ गेजची इनॅमलची तार, प्रत्येक वेटोळ्यावर साधारण ५,००० फेरे. 'साधारण' हा शब्द महत्त्वाचा. फेरे काटेकोर मोजले जात नसत. बॉबिन भरली की काम झालं. त्यामुळे एका पिकअपचा रोध साडेसात किलोओहम, तर दुसऱ्याचा नऊच्या जवळ. एकाच पिकअपची दोन वेटोळीही सारखी असतीलच असं नाही. चुंबक अल्निकोचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचं. पण अल्निकोचे प्रकार अनेक आणि त्या दिवशी जो हाताशी असेल तो बसवला जाई. काळं प्लॅस्टिक मिळेना तेव्हा मलई रंगाच्या बॉबिन आल्या. म्हणून काही पिकअप काळे, काही मलई, तर काही अर्धे-अर्धे.

म्हणजे ज्याला आपण 'अस्सल पीएएफचा आवाज' म्हणतो, तो एक आवाज कधीच नव्हता. एकाच घरात एकाच पिठाच्या रोज होणाऱ्या भाकऱ्यांसारखे होते ते : ओळख एक, पण कोणतीच दुसरीसारखी नाही. कोणी छातीठोकपणे 'हुबेहूब १९५९' विकत असेल तर विचारा, '५९ मधला कोणता?'

आवाज घडला कुठे?

लव्हर यांना रॉक नको होता. रॉकचा तो आवाज तेव्हा अस्तित्वातच नव्हता. त्यांना हवा होता स्वच्छ, शांत, जॅझ वाजवणाऱ्याला आवडेल असा स्वर. गिब्सनची सनबर्स्ट रंगाची लेस पॉल १९५८ ते १९६० या काळात दीड हजाराच्या आसपास बनली, फारशी खपली नाही, आणि कंपनीने ते रूपच बंद केलं.

मग १९६६ साल आलं. लंडनमध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर एरिक क्लॅप्टन ध्वनिमुद्रणाला बसला. हातात जुनी लेस पॉल, पुढे मार्शलचा अँप्लिफायर, आणि आवाज स्टेजवर ठेवतो तितकाच मोठा ठेवायचा हट्ट. हमबकरचा जोरदार संकेत अँप्लिफायरच्या व्हॉल्व्हना झेपेना, तसा स्वर फाटू लागला. पण फाटतानाही गोड राहिला आणि लांब टिकला. दोन वेटोळी तारेचा आवाज दोन जागी पकडतात, त्यात काही तीक्ष्ण वरचे स्वर गळतात, म्हणून फाटलेला आवाज कानाला टोचत नाही. दोष काढायला केलेल्या रचनेचा हा अनपेक्षित नफा.

ती तबकडी ऐकून इंग्लंडमधली मुलं जुन्या लेस पॉल शोधत हिंडू लागली. १९६८ मध्ये गिब्सनने ती गिटार परत आणली, पण गंमत बघा : सोनेरी स्टँडर्डवर पुन्हा पी-९० बसवले! ज्या पिकअपसाठी लोक जुनी गिटार शोधत होते, तोच त्यांनी दिला नाही. जुन्या गिटारच्या किमती तेव्हापासून चढत गेल्या. आज अस्सल पीएएफची जोडी लाखांत जाते, आणि ती ज्या सनबर्स्टमध्ये आहे ती गिटार कोटींत.

दंतकथेला आणखी दोन छेद देतो. लेड झेपेलिनचा पहिला अल्बम आठवा. जिमी पेज म्हटलं की लेस पॉल डोळ्यांपुढे येते, पण त्या अल्बममध्ये मुख्यतः टेलिकास्टर वाजली आहे. ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बममधल्या टोनी आयोमीच्या एसजीवर पी-९० होते. म्हणजे रॉकच्या दोन पायाभूत अल्बमांत हमबकर मुख्य नाहीच. आणि पीटर ग्रीनचा तो पोकळ, नाकातून आल्यासारखा स्वर? त्याच्या लेस पॉलमधल्या एका पिकअपचं चुंबक उलटं बसलेलं होतं. कारखान्याच्या हिशेबाने दोष, ऐकणाऱ्याच्या हिशेबाने ओळख.

नकलांचा बाजार

१९७० च्या दशकात सुट्या पिकअपचा धंदा उभा राहिला. लॅरी डिमार्झिओ यांचा सुपर डिस्टॉर्शन १९७२ चा : सिरॅमिक चुंबक, फेरे जास्त, रोध १३ किलोओहमच्या वर. हेतू अँप्लिफायरला जास्त जोराने ढकलणं. सेमूर डंकन यांची कंपनी १९७६ ची. त्यांनी १९९० च्या दशकात खुद्द सेथ लव्हर यांना बरोबर घेऊन मूळ रचनेचा पिकअप पुन्हा बनवला. लव्हर यांचं निधन १९९७ मध्ये झालं. मधल्या काळात ते फेंडरमध्ये गेले होते आणि तिथेही त्यांनी वेगळ्या धाटणीचा हमबकर घडवला. गिब्सननेही '५७ क्लासिक आणि बर्स्टबकर काढले; बर्स्टबकरमध्ये वेटोळ्यांचे फेरे मुद्दाम कमी-जास्त ठेवले. कधीकाळचा कारखान्यातला ढिसाळपणा आता मोजून-मापून तयार होतो आणि त्याचे पैसे लागतात.

मग तुम्ही काय घ्यावं?

इतिहासातून निघणारं उत्तर असं.

रोधाचा आकडा म्हणजे ताकद नव्हे. तार बारीक घेतली की तेवढ्याच फेऱ्यांत रोध वाढतो. जुन्या धाटणीसाठी सात ते साडेआठ किलोओहम पुरे. मानेकडे तार मोठी डोलते, म्हणून तिथे सौम्य आणि ब्रिजकडे थोडा दमदार, असं आज करतात. मूळ कारखाना असा भेद करत नसे.

चुंबकात अल्निको दोन मऊ, खर्ज जरा सैल. अल्निको पाच घट्ट, तडाखेबाज. तुमचा अँप्लिफायर आधीच टोचरा असेल तर दोन पाहा, गढूळ असेल तर पाच.

जुने पिकअप मेणात बुडवलेले नसत. त्यामुळे स्वर मोकळा लागतो, पण आवाज मोठा केला की शिट्टी वाजते. छोट्या खोलीत अँप्लिफायरला चिकटून वाजवणाऱ्याने थोडं मेण असलेला घ्यावा. त्यात काहीही कमीपणा नाही.

आणि हे सगळं करण्याआधी एक संध्याकाळ आणि एक पेचकस एवढाच खर्च करा. पिकअप तारांपासून थोडा खाली उतरवा, मग त्यावरचे सहा स्क्रू एकेक करून वरखाली करून ऐका. नव्या तारा लावा. झाकण उघडून व्हॉल्यूमचा पॉट ५०० किलोओहमचा आहे का बघा. २५० चा असेल तर तुमच्या चांगल्या हमबकरवरही चादर पांघरल्यासारखं ऐकू येईल. पॉट बदलणं पिकअप बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. मग अँप्लिफायरचा गेन कमी करा, आवाज वाढवा. जुन्या तबकड्यांत आपल्याला वाटतो त्याहून खूप कमी गेन आहे.

एवढं करूनही आवाज हवा तसा लागला नाही, तर मात्र खुशाल पिकअप बदला, आणि मध्यम किमतीचाच घ्या. लव्हर यांनी बनवलेली वस्तू हम मारण्यासाठी होती, ते काम आजचा साधा हमबकरही करतो. पुढचं सगळं क्लॅप्टनने त्या खोलीत केलं होतं, कॅलामझूच्या कारखान्याने नाही.

पुढच्या भागात तो मार्शल अँप्लिफायर उघडून पाहू. तोवर वाजवत राहा.