न बदललेल्या पानाचा इतिहास : पोस्टग्रेसचे अपग्रेड

माहिती ओळी आणि स्तंभांच्या तक्त्यांत मांडावी आणि ती डिस्कवर नेमकी कोठे व कशी साठवली आहे याची चिंता वापरणाऱ्यावर पडू नये, असा आग्रह आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात धरला आणि त्यातूनच रिलेशनल डेटाबेसची परंपरा सुरू झाली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली आरंभलेला पोस्टग्रेस प्रकल्प आणि त्यातून १९९६ साली नव्या नावाने पुढे आलेला मुक्तस्रोत पोस्टग्रेस-क्यूएल सर्व्हर हे याच परंपरेतले. रोजच्या वापरात कॉड यांचे आश्वासन बहुतांशी पाळले जाते. सर्व्हरची आवृत्ती बदलण्याची वेळ आली की मात्र ते मोडते, कारण डिस्कवरची मांडणी, जी एरवी कोणाच्या खिजगणतीत नसते, तीच तेव्हा सगळ्यांची डोकेदुखी होते.

पोस्टग्रेस आपला डेटा साधारणतः ८ किलोबाइटच्या ‘पानां’मध्ये ठेवतो, आणि कोणते तक्ते आहेत, त्यांत कोणते स्तंभ आहेत याची नोंद ‘सिस्टम कॅटलॉग’ नावाच्या स्वतःच्याच अंतर्गत तक्त्यांत करतो. हा कॅटलॉग प्रत्येक मुख्य आवृत्तीत बदलत असल्याने डेटाच्या फोल्डरात ‘पीजी_व्हर्जन’ नावाची एक छोटी फाइल असते; तिच्यातला आकडा आपल्या आवृत्तीशी जुळला नाही तर नवा सर्व्हर सुरू होण्यासच नकार देतो.

सुरुवातीच्या काळात यावर रूढ उपाय एकच होता, तो म्हणजे ‘डम्प’ घेऊन ‘रिस्टोअर’ करणे. जुन्या सर्व्हरमधून तक्ते बनवण्याच्या आज्ञा आणि प्रत्येक ओळीचा मजकूर एका मोठ्या फाइलीत उतरवायचा, नव्या सर्व्हरला ती फाइल पहिल्यापासून वाचून दाखवायची, आणि शेवटी सगळे इंडेक्स, म्हणजे जलद शोधासाठीच्या सूची, नव्याने बांधायचे. डेटाबेस लहान होते तोवर हे निभावले. ते शेकडो गिगाबाइटांचे झाले तेव्हा मात्र या कामासाठी सर्व्हर एक रात्र बंद ठेवणे अपुरे पडू लागले. शिवाय मजकूर पुन्हा वाचला जात असल्याने जुने दोषही उघडे पडत. २००५ सालच्या ८.१ आवृत्तीने यूटीएफ-८ लिपिसंकेतनाची तपासणी कडक केली, तेव्हा आधीच्या आवृत्तीने मुकाट्याने स्वीकारलेले चुकीचे बाइट नव्या सर्व्हरने नाकारले, आणि डम्पची फाइल ‘आयकॉन्व्ह’ या साधनातून गाळून घेण्याचा सल्ला आवृत्तीच्या अधिकृत टिपणातच द्यावा लागला. या गाळणीत चुकीचे बाइट सरळ टाकून दिले जात, हे येथे नमूद केले पाहिजे.

खरे वळण २००८ सालच्या ८.३ आवृत्तीने आणले, जरी त्या वेळी तिची ख्याती वेगळ्याच कारणासाठी होती. संख्येचे आपोआप मजकुरात रूपांतर करण्याची सवलत तिने बहुतेक ठिकाणी काढून घेतल्याने अनेक जुने प्रोग्राम अडले, आणि त्याचीच चर्चा अधिक झाली. मात्र याच आवृत्तीत पानाची जी रचना ठरली ती पुढे मोडावी लागली नाही. पाने तीच आणि बदलतो तो केवळ कॅटलॉग, असे असेल तर डेटा बाहेर काढण्याचे कारणच उरत नाही. पुण्यातही कार्यालय असलेल्या एंटरप्राइझडीबी या कंपनीत तयार झालेले ‘पीजी_मायग्रेटर’ हे साधन याच तर्कावर उभे होते, आणि २०१० साली ९.० आवृत्तीबरोबर ते ‘पीजी_अपग्रेड’ या नावाने पोस्टग्रेसमध्येच आले. हे साधन फक्त तक्त्यांची व्याख्या नव्या सर्व्हरमध्ये उतरवते आणि डेटाच्या फाइली जशाच्या तशा उचलते. ‘लिंक’ पद्धतीत तर नक्कलही होत नाही, त्याच फाइलीला दुसरे नाव मिळते, त्यामुळे तासांचे काम मिनिटांवर येते, पण नवा सर्व्हर एकदा सुरू केला की जुन्याकडे सुखरूप परतता येत नाही. या यशाचे श्रेय साधनाइतकेच, किंबहुना अधिक, पानाच्या रचनेला हात न लावण्याच्या संयमाला द्यावे लागते.

तरीही काही गोष्टी या साधनाच्या कक्षेबाहेर राहिल्या. अक्षरांचा क्रम पोस्टग्रेस बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतो, आणि लिनक्समधील ‘जीलिबसी’ या मूलभूत लायब्ररीच्या २०१८ सालच्या २.२८ आवृत्तीने तो बदलला : इंग्रजी क्रमात ‘११’ हे आधी ‘१-१’च्या अगोदर येई, ते आता नंतर येऊ लागले. जुन्या क्रमाने बांधलेला इंडेक्स नव्या यंत्रावर नेला की असलेली ओळही सापडेनाशी होते, तीही कोणतीही चूक न दाखवता. त्यामुळे मजकुराच्या स्तंभांवरील इंडेक्स नव्याने बांधणे हाच त्यावरचा भरवशाचा उपाय ठरला. शोधाचा मार्ग ठरवण्यासाठी सर्व्हर जी आकडेवारी जमवतो तीही अपग्रेडमध्ये गळून पडत असे आणि ती पुन्हा जमेपर्यंत कामकाज मंदावे. सप्टेंबर २०२५मध्ये आलेल्या अठराव्या आवृत्तीपासून तिचा बहुतांश भाग टिकवला जातो. आणि अपग्रेड टाळत राहण्याचीही सोय नाही : मुख्य आवृत्तीला दुरुस्त्या पाचच वर्षे मिळतात, आणि २०२० साली आलेली तेरावी आवृत्ती या नियमानुसार नोव्हेंबर २०२५मध्ये निवृत्त झाली.