कॉफीच्या पुड्यावरील डोंगराचे नाव

सुरत शहराच्या दक्षिण अंगाला, मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उधना आणि सचिन या दोन स्थानकांच्या मध्ये भेस्तान आहे. उधना, पांडेसरा, भेस्तान या पट्ट्यात यंत्रमाग आणि कापडप्रक्रियेच्या कारखान्यांच्या ओढीने खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली असून तिथल्या दिवसावर राज्य आहे ते चहाचे. अशा वस्तीतील एखाद्या घरी आता पाव किलो कॉफीचा असा पुडा येऊ शकतो, ज्यावर मळ्याचे नाव, तो ज्या डोंगरावर आहे त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाची जात, फळावर केलेली प्रक्रिया आणि दाणे भाजल्याची तारीख छापलेली असते. ज्या कॉफीत एकाच मुलखाचे, बहुधा एकाच मळ्याचे दाणे असतात आणि दुसरीकडच्या दाण्यांचे किंवा चिकोरीचे मिश्रण नसते, तिला व्यापारात ‘सिंगल ओरिजिन’ म्हणतात. हा पुडा पाहून जुन्या काळची शुद्ध चव परत आल्याचा समज होतो खरा, परंतु तो इतिहासाला धरून नाही. मळ्याच्या नावाने विकली जाणारी कॉफी भारतीय घरात येणे १९९० च्या दशकापर्यंत कायद्यानेच जवळजवळ अशक्य करून ठेवले होते आणि त्याआधीच्या शतकांत कॉफीला जी नावे मिळाली ती मळ्यांची नव्हती, बंदरांची होती.

त्यांतले सर्वांत थोर नाव मोख्याचे. तांबड्या समुद्राच्या मुखाशी असलेल्या या येमेनी बंदरात कॉफीचे एक झाडही नव्हते. ती आतल्या डोंगरउतारांवर पिके, बैत अल-फकीह या बाजारगावी विकली जाई आणि मोख्यातून जहाजावर चढे, एवढ्यावरून जगभर ती ‘मोखा’ झाली. या बंदराशी सुरतेचा व्यवहार घरोब्याचा होता. सतराव्या शतकात आणि अठराव्याच्या प्रारंभी दर हंगामाला सुरतेची जहाजे गुजराती कापड घेऊन मोख्याला जात आणि मुख्यतः चांदी-सोने व त्याच्या जोडीला कॉफी घेऊन परतत. मुल्ला अब्दुल गफूर या सुरतेच्या बड्या जहाजमालकाचा व्यापारही याच वाटेवर फोफावला होता. मोख्यात आणि बैत अल-फकीह येथे गुजराती वाणी दलाल व सराफ म्हणून बसलेले असत. त्यामुळे भारतात कॉफी प्याली जाऊ लागली ती तिची लागवड रुजण्याच्या कितीतरी आधी. इंग्रज वकील सर टॉमस रो याच्याबरोबर १६१६ ते १६१९ या काळात मोगल मुलखात राहिलेल्या एडवर्ड टेरी या पाद्र्याने, धर्माचे कडक पालन करणारे आणि मद्याला न शिवणारे लोक काळ्या बिया पाण्यात उकळून केलेले कॉफी नावाचे पेय घेतात, अशी नोंद केली आहे, आणि १६८९ मध्ये सुरतेस आलेल्या जॉन ओव्हिंग्टनने येथील वाणी मंडळींच्या चहा-कॉफीच्या आवडीचा उल्लेख केला आहे. म्हणजे आज कोल्ड कोको या थंडगार घट्ट दुधाच्या पेयासाठी नावाजलेल्या शहरात तीनशे वर्षांपूर्वी कॉफी ओळखीची होती.

या सागरी वाटेचा एक धागा भेस्तानच्या शेजारापर्यंत येतो. जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे हबशी, म्हणजे ज्या ॲबिसिनियाच्या डोंगराळ अरण्यांत अरेबिका कॉफीचे झाड निसर्गतः वाढले त्या मुलखातले. औरंगजेबाच्या काळात सिद्दीच्या आरमाराला मोगलांची चाकरी मिळाली, तिचा तनखा सुरतेच्या महसुलातून दिला जाई आणि मक्केच्या यात्रेकरूंना व व्यापारी मालाला समुद्रावर संरक्षण देणे हे त्या आरमाराचे एक काम होते. पुढे १७९१ मध्ये सिद्दी घराण्यातील अब्दुल करीम याने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना लिहून देऊन त्या बदल्यात सुरतेजवळची जहागीर घेतली. तेच सचिन संस्थान. या नवाबांचा कॉफीशी थेट संबंध जोडणे ओढाताणीचे होईल, पण अरबी समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांना बांधणारी जी ये-जा कॉफीला इकडे घेऊन आली, त्याच ये-जेने सिद्दींनाही आणले होते.

लागवडीची कथा परंपरेने बाबा बुदन या सूफी संताच्या नावावर जमा आहे. हज करून परतताना त्यांनी येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या चंद्रद्रोण डोंगरावर पेरल्या, अशी ही आख्यायिका. येमेनी लोक उगवणारे बी देशाबाहेर जाऊ देत नसत, म्हणून लपवणे आले आणि सात हा आकडा इस्लामी परंपरेत शुभ, म्हणून तोही आला. तिचा काळ कोणी सतराव्या शतकाच्या आरंभी धरतात, कोणी १६७० च्या आसपास. ज्या गुहास्थानाला मुसलमान बाबा बुदनांचा दर्गा मानतात त्यालाच हिंदू दत्तात्रेयपीठ म्हणून भजतात, त्यामुळे दत्तसंप्रदायाशी जवळीक असलेल्या मराठी वाचकाला हा डोंगर अगदीच परका नाही. आख्यायिका बाजूला ठेवली तरी एवढे निश्चित की, शतक सरण्यापूर्वी भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे कॉफी रुजली होती, कारण डच कंपनीने जावा बेटावरील बटाव्हियाला १६९६ मध्ये जी रोपे नेली ती मलबारातून. ती पुरात गेली, १६९९ मध्ये पुन्हा नेलेली जगली, त्यांच्या वंशातील रोप १७०६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या वनस्पती-उद्यानात पोहोचले आणि तेथून ते कूळ अमेरिका खंडात पसरले. ब्राझीलच्या कॉफीची वंशावळ काढायला बसले तर मलबारचा टप्पा टाळता येत नाही.

डोंगरावर मोठ्या प्रमाणात मळे उभे राहिले ते टिपूच्या पाडावानंतर, इंग्रजी भांडवलावर; कॅनन नावाच्या मळेवाल्याने १८३० च्या सुमारास बाबाबुदनच्या परिसरात केलेली लागवड ही त्यांतली आद्य समजली जाते. लंडनच्या लिलावांत या कॉफीला ‘मैसूर’, किनाऱ्यावरून गेलेल्या मालाला ‘मलबार’ असे म्हणत. येथेही नाव संस्थानाचे किंवा किनाऱ्याचेच राहिले. उलट याच काळात वाटेनेच चव घडवल्याचे एक विलक्षण उदाहरण निर्माण झाले. शिडाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून युरोपला पोहोचेपर्यंत काही महिने जात, त्या अवधीत पोत्यांतील हिरवे दाणे समुद्राची दमट हवा पिऊन फुगत व पिवळट पडत आणि त्यांचा आंबटपणा जवळजवळ नाहीसा होई. गिऱ्हाइकाला तीच चव अस्सल वाटू लागली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, पुढे आगबोटी आल्या, दाणे हिरवेच पोहोचू लागले आणि तक्रारी सुरू झाल्या. तेव्हा व्यापाऱ्यांनी मंगळूरच्या किनाऱ्यावर उघड्या बाजूंच्या वखारींत दाणे पसरून त्यांच्यावर जून ते सप्टेंबरचा मोसमी वारा खेळवण्याची रीत बसवली, तोच ‘मान्सून्ड मलबार’. जहाजावरचा दोष किनाऱ्यावर जाणूनबुजून घडवण्याचा हा प्रकार व्यापारी चातुर्याचा नमुना आहे.

विसाव्या शतकात नावाची मालकी सरकारकडे गेली. १९३५ च्या कायद्याने कॉफीवर उपकर बसला, त्या पैशातून देशात कॉफीचा प्रचार करण्यासाठी समिती नेमली गेली आणि तिने १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटजवळ पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले. दुसऱ्या महायुद्धाने युरोपचे गिऱ्हाईक तुटले तेव्हा मळेवाले बुडू नयेत म्हणून आधी १९४० च्या वटहुकुमाने व नंतर १९४२ च्या कायद्याने सर्व कॉफी एका सामाईक साठ्यात जमा करणे बंधनकारक झाले. या साठ्याला ‘पूल’ म्हणत. घरवापर आणि बियाण्यापुरती मुभा सोडली तर मळेवाल्याने आपला माल कॉफी बोर्डाकडे द्यायचा, बोर्डाने प्रत ठरवून तो इतरांच्या मालात मिसळायचा, लिलाव करायचा आणि मिळालेली रक्कम हप्त्याहप्त्याने सर्वांना वाटायची, अशी ही व्यवस्था. तिने लहान शेतकऱ्याला भावाच्या पडझडीपासून आडोसा दिला हे मान्य करावे लागते. पण ज्याने पिकलेली लाल फळेच वेचली आणि ज्याने हिरवी-पिकली एकत्र ओरबाडली, त्या दोघांचा माल प्रत जुळली की एकाच राशीत पडे. मग बाजारात उरली ती प्रतींची भाषा: फळाचा गर धुऊन काढलेल्या अरेबिकाला ‘प्लँटेशन’, फळासकट वाळवलेलीला ‘चेरी’, आकारानुसार ‘ए’, ‘बी’ आणि फळात दोनाऐवजी एकच गोल दाणा धरला तर ‘पीबी’, म्हणजे पीबेरी. मुंबईत माटुंग्याच्या दुकानांत आजही अनेक गिऱ्हाइके याच भाषेत कॉफी मागतात: पीबी इतकी, ‘प्लँटेशन ए’ तितकी, चिकोरी घाला किंवा घालू नका.

हा साठा १९९२ पासून टप्प्याटप्प्याने सैल करण्यात आला आणि १९९६ मध्ये सर्व मळेवाल्यांना आपला माल हवा त्याला विकण्याची मोकळीक मिळाली. पुड्यावरील डोंगराच्या नावाची खरी जन्मतारीख हीच मानली पाहिजे. त्यानंतर आधी परदेशी खरेदीदार आणि २०१० नंतरच्या दशकात देशातील लहान भाजणावळी थेट मळ्यांकडून माल घेऊ लागल्या, आणि २०१९ मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी व अराकू येथील अरेबिका आणि वायनाडची रोबस्टा अशा पाच कॉफींना भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावांचा वापर त्या-त्या मुलखातील मालापुरता कायद्याने राखीव झाला. मराठी ग्राहकाने येथे एका गमतीदार फसगतीपासून सावध असावे: ‘रत्नागिरी’ असे छापलेली कॉफी कोकणातली नसते, रत्नागिरी इस्टेट हा बाबाबुदनगिरीतील एक नामांकित मळा आहे.

अशा पुड्यावर पुष्कळदा ‘एस ७९५’ असा आकडा दिसतो, तोही एक वंशवृत्तच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तांबेरा या बुरशीने सिंहलद्वीपातील कॉफी संपवली आणि भारतातील मळेही पोखरले. त्यावर तोड म्हणून चिकमगळूर जिल्ह्यातील बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राने लिबेरिका व अरेबिका या दोन जातींच्या नैसर्गिक संकरातून निवडलेल्या झाडाचा केंट या अरेबिका वाणाशी संकर केला आणि १९४० च्या दशकात ही जात शेतकऱ्यांना दिली. तिच्या पेल्यात जाणकारांना गूळ आणि मसाल्याची छटा जाणवते, परंतु ती मध्यम किंवा त्याहून हलक्या भाजणीतच टिकते. काळे तेलकट होईपर्यंत भाजलेले दाणे कोणत्या डोंगराचे हे ओळखणे अवघड, आणि तशा दाण्यांसाठी मळ्याच्या नावाचे पैसे मोजणे व्यर्थ.

भेस्तानच्या स्वयंपाकघरात त्यासाठी सामग्री फारशी लागत नाही. दाणे आयत्या वेळी जाडसर रव्याएवढे दळावेत, पंधरा ग्रॅम पुडीला सव्वादोनशे ते अडीचशे मिलिलिटर पाणी घ्यावे, ते उकळल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून ओतावे आणि चार मिनिटांनी गाळावे. बोअरचे जड पाणी वापरल्यास आंबटपणाची धार बोथट होते, म्हणून गाळण-यंत्रातले मऊ पाणी बरे. किनारपट्टीच्या पावसाळ्यात पुडा नीट बंद न केल्यास आठवड्याभरात दाणे सादळतात. मंगळूरला वखारीत जो वारा मोल वाढवतो तो कच्च्या दाण्याला मानवतो, भाजलेल्याला नाही. दूध, साखर आणि जायफळ घालून उकळलेली मराठी घरातील कॉफी हा स्वतंत्र आणि झकास प्रकार आहे, पण तिच्यात जायफळच बोलते, म्हणून तिला साधी चिकोरीमिश्रित पूड पुरे.

खानदेशातून तापीच्या काठाकाठाने सुरतेस आलेल्या या वस्तीला आणखी जवळचा एक डोंगर आहे. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हे महाराष्ट्रातील कॉफी पिकवणारे एकमेव ठिकाण म्हणून ओळखले जाते. सुमारे अकराशे मीटर उंचीच्या त्या पठारावर इंग्रजी अमदानीत लावलेली कॉफी आजही थोड्या प्रमाणात होते आणि मेळघाटातले सिपना, गाडगासारखे प्रवाह तापीलाच मिळतात. मानांकनाच्या त्या पाच नावांत चिखलदरा नाही.