दादरला प्रोबेट, पुण्याला नाही: असं का होतं?

आजोबांनी पुण्यात बसून एकच मृत्युपत्र केलं. त्यात पुण्याचं घर आणि दादरचा फ्लॅट. ते गेल्यावर वकील म्हणाले, "पुण्याच्या घराला प्रोबेट नको, दादरला लागेल." प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का. तो मिळेपर्यंत आजीचा फ्लॅट अडकलेला. एकाच राज्यात दोन नियम? मग मी शोधत बसलो.

उत्तर निघालं १८७० सालचं. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही इंग्रजांची व्यापारी शहरं. जुन्या धर्मशास्त्रात मृत्युपत्र जवळपास नव्हतंच, पण इथले श्रीमंत हिंदू ती करू लागले आणि भांडणं कोर्टात गेली. म्हणून 'हिंदू विल्स ॲक्ट' आला. तो लागू झाला बंगाल प्रांताला, आणि मद्रास-मुंबईत मात्र फक्त हायकोर्टाच्या शहरी हद्दीत. पुणे बाहेरच राहिलं.

१९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं तीच रेघ कलम ५७ आणि २१३ मध्ये जशीच्या तशी कॉपी-पेस्ट केली. इंग्रज गेले, बॉम्बेचं मुंबई झालं, रेघ तशीच! आम्ही इंजिनिअर याला लेगसी कोड म्हणतो: का लिहिला ते कुणाला आठवत नाही, पण रन होतोच.

अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं कलम २१३ काढून टाकलं. सक्ती गेली, प्रोबेटची सोय मात्र आहे. वारसांत वाद असेल तर तो शिक्का आजही कामाचा.

तुमच्या घरी मृत्युपत्र आहे? कुठे ठेवलंय, आजच विचारा. भेटू पुढच्या भागात!