फोडशी

फोडशी : (कुलू, पांढरी मुसळी, लॅ. क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम; कुल–ॲस्पॅरॅगेसी, शतावरी कुल). पावसाच्या आरंभी सह्याद्रीच्या उतारांवर उगवणारी रानभाजी. शहापूर व मुरबाड (जि. ठाणे) तालुक्यांतील ठाकूर, कातकरी व इतर आदिवासी स्त्रिया जून-जुलैमध्ये तिच्या जुड्या बाजारात आणतात. पाने लांब, चपटी, जमिनीलगत झुपक्याने येणारी, कांद्याच्या पातीची आठवण देणारी. पण तो उग्र वास त्यांना नसतो. म्हणूनच बहुधा भाजीत कांदा सढळपणे घालतात. मुगाची किंवा हरभऱ्याची डाळही घालतात.

कांदा, लसूण व लीक यांच्याशी फोडशीचे नाते पूर्वी फार निकटचे मानले जाई. बेंथॅम व हूकर यांच्या वर्गीकरणात (१८८३) ही सर्व लिलिएसी कुलात होती. सहा केसरदले व ऊर्ध्वस्थ किंजपुट हे त्या कुलाचे लक्षण. मराठीत त्याला पलांडु, म्हणजे कांद्याचे, कुल म्हटले गेले. हचिन्सन यांनी १९३४ मध्ये कांदा-लसणाचा वंश फुलोऱ्याच्या चामरासारख्या रचनेवरून ॲमारिलिडेसी कुलात नेला. फोडशीचा फुलोरा मंजरीसारखा लांब असतो. जननिक पुराव्यांवर आधारलेल्या २००९ च्या वर्गीकरणाने तिला शतावरीच्या कुलात घातले. गण मात्र दोघांचा एकच राहिला.

फोडशी या नावाखाली एकाहून अधिक जाती विकल्या जातात. त्यांतील प्रस्तुत जातीचे वर्णन सांतापाव व फर्नांडिस यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केले आणि बोरिवलीवरून तिचे नामकरण केले. पिढ्यान्‌पिढ्या ती खाणाऱ्यांच्या भाषेतील नाव शास्त्रीय नावात आले नाही, याची नोंद घ्यावयास हवी.

तिची मांसल मुळे पांढरी मुसळी म्हणून आयुर्वेदात बल्य मानतात. या मागणीमुळे १९९० नंतर तिची लागवड वाढली. तथापि रानातील खोदाई थांबली नाही. पाने खुडल्याने झाड मरत नाही, मुळांसह उपटल्यास मात्र ते संपते. अन्न म्हणून टिकलेली वनस्पती औषध म्हणून दुर्मिळ झाली, ती अशी. २००६ च्या वनहक्क कायद्याने मुळे व कंद यांचा गौण वनोपजांत समावेश केला असल्याने त्यांच्या संकलनाचा हक्क वननिवासींकडे आला आहे. खोदाईवर मर्यादा घालणेही त्यामुळे बऱ्याच अंशी ग्रामसभांच्या हाती आहे.

पांढरी फुले आली की पाने जून होतात आणि खुडणी आपोआप थांबते. बी धरण्यास तेवढा अवधी मिळतो.