७५ गिनी ते २८,००० गिनी : बडोद्याच्या 'सयाजीराव' घोड्याची वंशकथा

बडोद्यात प्रतापसिंहराव महाराजांचा विषय निघाला की दागिने आणि घोडे यांवर गप्पा जातातच. गप्पांत आकडे फुगतात. म्हणून एका घोड्याचा हिशेब नीट मांडतो.

१९४५ साली न्यूमार्केटच्या लिलावात महाराजांनी एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनींना घेतलं. एवढ्या लहान शिंगराला ब्रिटनमध्ये तोवर इतकी किंमत आलेली नव्हती. गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणजे झाले २९,४०० पौंड. रुपयाचा तेव्हाचा दर १ शिलिंग ६ पेन्स धरला, तर ३ लाख ९२ हजार रुपये! शिंगरू अजून एकही शर्यत धावलेलं नव्हतं. मग पैसे मोजले कशाचे? वंशावळीचे.

त्याचा बाप नेअर्को. इटलीच्या फेदेरिको तेसिओने पैदा केलेला हा घोडा १४ शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. पण तेसिओची सुरुवात बघा. १९१५ साली, महायुद्धामुळे बाजार पडलेला असताना, त्याने कॅटनिप नावाची घोडी अवघ्या ७५ गिनींना घेतली. तिची मुलगी नोगारा, आणि नोगाराचा मुलगा नेअर्को, जन्म १९३५.

तेसिओची पद्धत थोडक्यात अशी. घोडीला नराइतकंच महत्त्व द्यायचं. आपल्याच तबेल्यातल्या नराच्या प्रेमात पडायचं नाही. इंग्लंड, फ्रान्स, जिथे योग्य नर असेल तिथे घोडी पाठवायची. आणि अंतिम परीक्षा रूपावर नाही, मैदानावर घ्यायची. नोगारासाठी त्याला फेअरवे हवा होता. त्याच्याकडे जागा मिळाली नाही, म्हणून घोडी त्याच्या सख्ख्या भावाकडे, फॅरोसकडे गेली. त्यातून नेअर्को झाला.

सख्खा भाऊ म्हणजे साच्यातून काढलेली दुसरी प्रत नव्हे. घोड्यात गुणसूत्रांच्या ३२ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून येतं, एक बापाकडून, आणि कोणतं येईल ते दरवेळी वेगळं. चांगल्या वंशाने शक्यता वाढते, खात्री मिळत नाही.

बडोद्याच्या शिंगराची किंमत चढली ती याच भावापायी. त्याचा सख्खा थोरला भाऊ दान्ते त्याच वर्षी डर्बी जिंकला होता. गंमत म्हणजे दान्ते स्वतः शिंगरू असताना लिलावात मालकाची किमान किंमतही आली नव्हती. आईबाप तेच, फक्त मधे एक डर्बी झाली.

महाराजांनी शिंगराचं नाव ठेवलं 'सयाजीराव'. १९४७ च्या डर्बीत तो तिसरा आला. पण आयरिश डर्बी त्याने जिंकली, आणि सुमारे पावणेदोन मैलांची सेंट लेजर अगदी डोक्याच्या अंतराने मारली. म्हणजे धाकटा भाऊ लांब पल्ल्याचा निघाला. त्याची मुलगी ग्लॅडनेस हिने १९५८ साली अॅस्कॉटचा गोल्ड कप जिंकला. तोही लांब पल्ल्याचाच.

महाराजांचा दुसरा घोडा 'माय बाबू' १९४८ ची टू थाउजंड गिनीज जिंकला. त्याची मुलगी केरला, आणि तिचा मुलगा दमास्कस १९६७ साली अमेरिकेत वर्षाचा सर्वोत्तम घोडा ठरला. इथेही नाव पुढे गेलं ते घोडीतून.

आता कौतुकाला थोडा लगाम घालू. हे दोन्ही विजेते बडोद्याने पैदा केलेले नव्हते, विकत घेतलेले होते. तेसिओने ७५ गिनी आणि वीस वर्षं घातली. आपण त्याचं पिकलेलं फळ बाजारभावाने उचललं. पारख होती, पण खरी किंमत चुकवली ती संस्थानाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या श्रीमंतीने. तिजोरीतून घेतलेल्या रकमांचा प्रश्न विलीनीकरणाच्या सुमारास निघाला आणि १९५१ साली महाराजांची मान्यता गेली.

मात्र आजोबांच्या नावाचं महाराजा सयाजीराव विद्यापीठही याच प्रतापसिंहरावांच्या हातून १९४९ साली उभं राहिलं. बडोद्याचा इतिहास सांगताना आपण बहुधा यातला एकच सयाजीराव निवडतो: टीका करायची तर घोडा, गौरव करायचा तर विद्यापीठ. दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर आहेत, आणि ताळेबंद मांडायचा तर दोन्ही बाजू लिहाव्याच लागतील.