माया धूपपात्रे : घडवायची, पुजायची आणि पुरायची

१/ मेक्सिकोच्या चियापास राज्यात पालेंके ही प्राचीन माया नगरी आहे. तेथील 'क्रॉस समूहा'च्या मंदिरांच्या चौथऱ्यांतून शंभराहून अधिक मातीची धूपपात्रे सापडली. ती कचऱ्यात फेकलेली नव्हती, तर विधिपूर्वक पुरलेली होती. असे का?

२/ आधी घडण पाहू. प्राचीन अमेरिकेत कुंभाराचे चाक नव्हते. पोकळ, उंच नळकांडे हातानेच उभारले जाई आणि त्याच्या दोन्ही अंगांस सपाट पाखे जोडले जात. काही आधार मीटरभर उंच आहेत.

३/ दर्शनी बाजूस मुखवट्यांची उतरंड असे. मध्ये देवतेचा मोठा चेहरा, त्याच्या वरखाली पक्षी आणि पाताळातील प्राणी. डोळे, नाक, कर्णभूषणे मातीच्या पट्ट्या व गोळ्या चिकटवून साकारत.

४/ रंग भाजणीनंतर चढे : तांबडा, पांढरा आणि प्रसिद्ध 'माया निळा'. नीळ आणि पॅलिगोर्स्काइट नावाची माती एकत्र तापवून केलेला हा निळा रंग आम्लालाही दाद देत नाही.

५/ आधारावर वाडगे ठेवून त्यात कोपाल ही झाडाची राळ जाळत. मुखवट्यांच्या माथ्यावरून धूर उठे.

६/ माया श्रद्धेनुसार असे पात्र म्हणजे निर्जीव भांडे नव्हे. त्यात देवत्व वसे. म्हणूनच सेवा संपलेल्या पात्राला मंदिराच्याच कुशीत विसावा मिळाला, असे अभ्यासक मानतात.

७/ 1562 साली युकातानमधील मानी येथे दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने माया देवमूर्ती आणि पोथ्या नष्ट करविल्या. स्पॅनिशांनी ज्यांना 'मूर्ती' म्हटले, त्यांत देवमुखी धूपपात्रेही होती.

८/ तरीही प्रथा विझली नाही. चियापासच्या अरण्यातील लाकांदोन माया विसाव्या शतकातही देवमुखी धूपपात्रे घडवीत होते. आल्फ्रेड टोझर यांनी 1907 च्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले. पुढे आलेल्या खालच्या ओठावर देवासाठी नैवेद्य ठेवला जाई. नूतनीकरणाच्या विधीत नवी पात्रे घडवून जुनी निरोपास जात.

९/ लाकांदोन हे पालेंकेकरांचे थेट वंशज ठरत नाहीत. पण दोहोंकडे एक धागा समान दिसतो. पात्राचेही आयुष्य संपते, आणि त्याला सन्मानाने निरोप द्यायचा असतो. संग्रहालयात काचेमागे उभी असलेली पालेंकेची पात्रे ही अशी निरोप दिलेली पात्रे आहेत. लांदाच्या आगीत वस्तू गेल्या. त्या पुन्हा घडविण्याची विद्या मात्र अरण्यातील हातांत टिकून राहिली.